मऊ पडलेला चेंडू

शनिवारी दुपारी आस्गर मैदानावर चुन्याच्या रेघा मारत होता, तेव्हा विग्गो दूधसंघाच्या कचेरीतून धावत आला. गावातला टेलिफोन तिथेच होता. विग्गो म्हणजे आस्गरच्या संघाचा गोलकीपर. एरवी तो लांबूनच ओरडायचा. त्या दिवशी अगदी जवळ येईपर्यंत काही बोलला नाही.

"मास्तर, हॉर्सेन्सच्या इस्पितळातून फोन होता. दाग्नीवहिनी गेल्या."

आस्गरने सुरू केलेली रेघ कोपऱ्याच्या निशाणापर्यंत पुरी केली. मग बादली खाली ठेवली.

क्लबचा झेंडा अर्ध्यावर उतरला. रविवारचा सामना पुढच्या रविवारवर गेला. बुधवारी आस्गरने बायकोला, दाग्नीला, पुरलं आणि रिवाजाप्रमाणे झेंडा पुन्हा वर चढला.

रविवारी पाहुणा संघ आगगाडीने आला. आज हरलं तर क्लब खालच्या गटात जाणार होता. आस्गर एके काळी डेन्मार्ककडून फुटबॉल खेळलेला. पाय थकल्यावर त्याने हा क्लब हाती घेऊन वर आणला होता. चेंडू यजमानांनी द्यायचा अशी रीत. विग्गोने कपाटातून चेंडू काढला आणि अंगठ्याने दाबून पाहिला.

"लोण्यासारखा झालाय, मास्तर. इतके दिवस नुसता पडून आहे. तोंडाची वादी सोडतो आणि हवा भरतो."

"सोडू नकोस."

चेंडूचं सगळं दाग्नी बघायची. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी आस्गर एका सामन्यातून कपाळ फोडून घरी आला होता. चेंडू डोक्याने मारताना वादीची गाठ कपाळात बसली होती. दाग्नीने जखम धुतली.

"गाठ बाहेर ठेवणारा गाढव कोण?"

"मीच."

तेव्हापासून दर गुरुवारी संध्याकाळी चेंडू तिच्या मांडीवर असायचा. गाठ ती आकड्याने चामड्याखाली सरकवायची. पंप तिने घरात येऊ दिला नाही. मुक्तिफौज या ख्रिस्ती पंथाच्या बँडमध्ये ती शिंग वाजवायची. छाती दणकट होती. चेंडूच्या आतल्या रबरी ब्लॅडरची नळी तोंडात धरायची आणि गाल लाल होईपर्यंत फुंकायची.

"वहिनी, फुटाल एखाद्या दिवशी!" विग्गो चिडवायचा.

"तू गोल खायचं थांबव, मी फुंकायचं थांबवते."

शेवटच्या गुरुवारीही तिने चेंडू भरला होता. शुक्रवारी पोटात दुखायला लागलं म्हणून इस्पितळात गेली.

"मास्तर, रेफरी दोनदा येऊन गेला," विग्गो म्हणाला. त्याने कुणाच्या तरी सायकलीचा पंप काढून आणला होता. "चार मिनिटांचं काम आहे. खाली गेलो तर वर यायला वर्षं लागतील, हे तुम्हीच सांगता. मग आजच कसला हट्ट?"

आस्गरने चेंडू त्याच्या हातातून घेतला आणि कोटाखाली धरला.

"ह्याच्या आत काय आहे?"

"काय असणार? हवा."

"कुणाची?"

 विग्गोने पंप बाकावर ठेवला, टोपी काढली आणि पाहुण्यांच्या खोलीचं दार ठोठावलं. "चेंडू द्याल का? आमचा चालण्याजोगा नाही."

पाहुण्यांनी थोडी टर उडवली, पण चेंडू दिला.

सामना बरोबरीत सुटला आणि क्लब वरच्या गटात राहिला. बरोबरीचा गोल डोक्याने झाला. पाहुण्यांच्या चेंडूची गाठ बाहेर होती. गोल मारणाऱ्याचं कपाळ फुटलं. आस्गरने ते पाण्याने धुतलं, पट्टी बांधली आणि त्याला म्हणाला, "घरी जाऊन बायकोला दाखव. ती काय म्हणेल ते ऐकून घे."

चेंडू आता आस्गरच्या स्वयंपाकघरात आहे, फळीवर, शिंगाच्या शेजारी. कॉफी उकळेपर्यंत तो चेंडूवर हात ठेवून उभा राहतो. दाबत नाही. नाताळ आला तेव्हा चेंडू एका अंगाने बसला होता. विग्गोने नवा पंप आणून दिला, तो दारामागे उभा आहे. चेंडूत हवा भरायची राहिली आहे.