होडीवरचं बोट

“बोट कंचा देऊ, बाला?” पुतळाबाईनं विचारलं.

“कुठलंही चालेल,” दिनानाथ म्हणाला.

तिनं डाव्या हाताची तर्जनी शाईच्या गादीवर दाबली.

सानपाड्याच्या खाडीकाठच्या त्या लहानशा पाड्यात दिनानाथ सकाळपासून फिरत होता. साल पंच्याऐंशी. विधानसभेची निवडणूक चार दिवसांवर आलेली. नव्या शहरासाठी ज्यांची जमीन गेली त्यांच्या मनात काय आहे, ते मुंबईच्या एका साप्ताहिकाला छापायचं होतं. संपादकांनी बजावलं होतं, “एकच पाडा घे, पण माणूस न् माणूस विचार.”

दिनानाथचं काम चोख. यादीत नाव शोधायचं, खूण करायची. महागाई, पाणी, नोकरी, जमीन, यांतला कुठला प्रश्न मोठा ते विचारायचं. मग तिन्ही उमेदवारांच्या चिन्हांचा कागद हाती द्यायचा. त्या माणसानं कुणाला दिसू न देता चित्रावर शाईचं बोट टेकवायचं आणि घडी पत्र्याच्या पेटीत टाकायची. पेटीला कुलूप. कुलूप दिसलं की माणसं भीत नाहीत, हा त्याचा अनुभव.

“मोठा प्रश्न कुठला, मावशी?”

पुतळाबाई लग्नात धवले गाणारी. सरळ उत्तर तिच्या तोंडी यायचंच नाही.

“खाडीला येते भरती, येते तशी वोसरते,
सरकाराची खुटी बाय, ठोकली तिथंच ऱ्हाते.”

“लग्नान पन अशीच रडवते नवरीला,” दारात जमलेल्या बायांतून शेजारची चंद्राबाई म्हणाली.

“नवरीला नाय गो, नवरीचे सासूला!”

बाया हसल्या. पुतळाबाई स्वतः हसली नाही. खाऱ्या पाण्याला बांध घालून तीन पिढ्यांनी भातासाठी राखलेलं खाजण, त्याचा उरलेला तुकडा, त्याचीही सरकारी ताब्याची नोटीस आली होती. होडी चिन्हाचा उमेदवार निवडून आला तर तो ती थांबवणार होता. दुसरं कुणी थांबवणारं नव्हतं.

दिनानाथनं ‘जमीन’पुढे खूण केली.

पुतळाबाई भिंतीकडे वळली. मग कागदाची घडी पेटीत टाकली आणि पेटीला हात लावून तो कपाळाला टेकवला.

“घरी आलास, बरा केलास. सरकारी मानसा आमालाच उनान उभी करतात.”

“मी पेपरवाला, मावशी.”

“असशील. कागूद तं हाय ना हातान?”

संध्याकाळी त्यानं पेटी उघडली. एकशे बारा कागद. एकशे चार बोटं होडीवर. त्याला भरून आलं. निळी निळी बोटं, जशी काही होडीला वल्ही मारत होती.

साप्ताहिकानं पहिल्या पानावर छापलं: खाडीकाठ होडीच्या मागे.

होडी हरली. एकसष्ट मतांनी. पाड्यातून तिला एकही शिक्का नव्हता.

“गंडवलं तुला लोकांनी,” संपादक म्हणाले. “ओठात एक, पोटात एक.”

दुसऱ्या दिवशी दिनानाथ पुन्हा पाड्यात गेला. खाजणात सरकारी माणसं खुंट्या ठोकत होती. एकेका घावासरशी चिखल उडत होता. पुतळाबाई बांधावर बसली होती. बघत होती.

“मावशी, माझं जाऊ द्या,” त्याचा आवाज चढला, “पण स्वतःच्या शेतासाठी तरी खोटं बोलायचं नव्हतं.”

तिनं वर पाहिलं. तिला राग आला नाही, नवलच वाटलं.

“खोटा? आमी?”

तिनं डावा हात पुढे केला. तर्जनीच्या नखाच्या कडेला अजून निळं होतं.

“यादीन नाव तूच बगलास. शाई तूच लावलीस, कुलूप घातलास. मंग साळंन मत टाकाला आमी कशाला जाऊ, बाला? शाई लागल्यावर दुसऱ्यांदा शिक्का मारला तं धरून नेतात ना?”