भिंतीला माहीत नसलेलं

मुलांनो, अशी कल्पना करा, की तुमच्या घराची भिंत बोलते, आणि तीही तुमच्या आईच्या आवाजात.

कालिंदीच्या घरी तसंच होतं. तिची आई वर्षभरासाठी समुद्रतळावरच्या प्रयोगशाळेत गेली होती आणि बाबा संध्याकाळी यायचे. खेळायला निघताना कालिंदी भिंतीला विचारायची, "आई, नळ बंद आहे ना?"

"बंद आहे, राणी."

दोन पायऱ्या उतरल्या की शंका पुन्हा यायची आणि ती परत फिरायची. चाळीस वेळा विचारून होईपर्यंत खाली लगोरीचा डाव संपलेला असायचा.

म्हणून समुपदेशक पाध्येकाकांनी, तिला विचारूनच, भिंतीचं नळावर लक्ष ठेवणं बंद केलं.

"पण काका, शंका आली तर?"

"येऊ दे की. तिला हाकलू नकोस, तिचं ऐकूही नकोस. तुला कुठे जायचंय?"

"लगोरी खेळायला."

"मग तिलाही घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी दुपारी कालिंदीने विचारलं, "आई, नळ बंद आहे ना?"

"माहीत नाही, राणी."

घर इतकं रिकामं तिला कधीच वाटलं नव्हतं.

खालून तिची मैत्रीण जुई ओरडली, "ए कालिंदी, येतेस की नळाशी लग्न लावलंयस?"

कालिंदीची पावलं स्वयंपाकघराकडे वळली. दारातच ती थांबली. मग मागे फिरून तिने चपला घातल्या, "आई, येते गं," म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता शंकेसकट जिना उतरू लागली.