हॉस्पिटलसमोरचा फ्लॅट

महादूने इमारतीच्या फाटकात घड्याळ पाहिलं. रस्ता ओलांडून हॉस्पिटलच्या दारात पोचल्यावर पुन्हा पाहिलं.

"चार मिनटं," मागून येणाऱ्या मुलाला तो म्हणाला. "लिफ्ट धरून सहा. ह्योच घे, दीपेश."

महिन्याभरात पवईत पाहिलेला हा सातवा फ्लॅट. नववा मजला, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. एवढ्या पैशांत भिवंडीला, टेमघरात, त्यांच्या घरासारखी तीन घरं उभी राहिली असती. पैशांची अडचण नव्हती. मानकोलीच्या जमिनीवर गोदामं होती, त्यांचं भाडं येत होतं. दीपेशचा पगार चांगला होता, त्याची बायको भाविका बँकेत अधिकारी होती. उरलेल्याला कर्ज मिळणार होतं. पण टेमघर सोडायचं दोघांच्याही जिवावर आलं होतं.

"बाबा, इथे ओटा नाही. संध्याकाळी बसणार कुठे तुम्ही?"

"हास्पिटलच्या दारात."

"आणि बोलणार कुणाशी?"

"बोलाया तुजी आय व्हती. आता कोन हाय?"

गेलं वर्षभर प्रत्येक बोलणं असं आईवरच येऊन थांबत होतं.

पार्वती गेली ती दोन हजार सहाच्या डिसेंबरात, अकरा तारखेला. दीपेश कंपनीच्या कामाला पुण्यात होता, भाविका बँकेत. स्मशानातून आल्यावर महादूने ओट्यावर बसून जे सांगितलं ते दीपेशला पाठ झालं होतं.

"सकाळी छातीत कळ आली तिच्या. गारीत घातली नि अकराला निगालो ठाण्याला. मानकोली नाक्याव अडकलो. फुरं कंटेनर, मागं कंटेनर. अडीच तास. दोनला हास्पिटलात पोचलो तं डाक्टर बोलला, तासभर आदी आनाया पायजे व्हती."

मानकोलीत गोदामं बांधायचा हट्ट दीपेशचा होता. महादू शेत द्यायला तयार नव्हता. दीपेशनेच गोदामं भाड्याने घेणाऱ्या कंपनीची माणसं घरी आणली, दोन वर्षं बापाच्या मागे लागला. नाक्यावरचे ते कंटेनर त्याच्याच गोदामांत माल उतरवायला येत. हे त्याला कुणी तोंडावर बोललं नाही. एकदा तोच म्हणाला, "बाबा, मी ती गोदामं आणली नसती तर आई असती."

महादू जमिनीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "जाऊ दे आता."

नाही म्हणाला नाही.

पवईहून परत आल्यावर भाविकाने ताटं घेतली. महादू जेवून ओट्यावर गेला तेव्हा ती हळू आवाजात म्हणाली, "अख्खा फ्लॅट आपल्या पडवीएवढा आहे. माझी आई इथे शेलारला, आपल्या पोरीच्या मैत्रिणी इथे. हॉस्पिटल दिसणाऱ्या एका खिडकीसाठी वीस वर्षं हप्ते भरायचे?"

"मग काय करू? बाबांना पुन्हा त्या नाक्यावर अडकवू?"

"तसं नाही म्हणत मी."

"मीसुद्धा इथलाच आहे, भाविका. मला तरी कुठे जायचंय?"

तिने खरकटी ताटं उचलली. पुन्हा तो विषय काढला नाही.

गावात बातमी पसरली. शेजारची बायजाबाई कुंपणावरून म्हणाली, "महादू, पैसा आला नि खुराड्यात ऱ्हायाला चालला? आमाला बोलाव हां अंडी बघाया."

महादू हसला नाही. "तू बी चल," म्हणाला. "हितं मेलीस तं कोन पोचवंल?"

फ्लॅटचा बयाणा दिला. टेमघरचं घर एका बिल्डरला दिलं, कारण रिकामं ठेवून त्यात जीव अडकवायचा नव्हता. सोमवारी त्याची माणसं आली आणि आधी ओट्यावरचे पत्रे उतरवू लागली. पार्वतीने लावलेला मोगरा पहिल्या पत्र्याखालीच गेला. भाविका आत जाऊन पेट्या भरत बसली.

त्याच दिवशी कर्जाच्या माणसाचा फोन आला. गोदामांचे भाडेकरार हवे होते, सगळे. महादूने पेटीतून चार करार काढून दिले. पाचवा दिला नाही. पार्वतीच्या नावावर जमिनीची एक पट्टी होती, त्या पट्टीवरच्या शेवटच्या गोदामाचा.

"तो ऱ्हाऊ दे."

"त्यांना पाचही हवेत, बाबा."

"तिच्या नावाचा कागद लोकांच्या टेबलाव नको. मेलेल्या मानसाचा तेवढा तरी मान ठेव."

दीपेशने हट्ट केला नाही. तो करार त्याने कधी पाहिला नव्हता. त्याचं सगळं बापानेच केलं होतं. बापाला दुखवायचं नव्हतं आणि काम तर अडलं होतं, म्हणून तो परस्पर मानकोलीला गोदामांच्या कंपनीच्या ऑफिसात गेला. तिथल्या कारकुनाने फाईल काढून दहा मिनिटांत झेरॉक्स हातात दिली.

गाडीत बसून त्याने पानं नीट आहेत का ते पाहिलं. शेवटच्या पानावर नोंदणी कचेरीत कॅमेऱ्याने काढलेला आईचा फोटो होता. डोळे अर्धे मिटलेले, कपाळावर केस चिकटलेले, एक हात छातीशी. कुणीतरी मागून दोन्ही खांदे धरून तिला सरळ बसवलं होतं. फोटोच्या बाजूला तिचा अंगठा होता, फरफटलेला. त्याच्याखाली कॉम्प्युटरने छापलेली एकच ओळ होती.

दुय्यम निबंधक, भिवंडी. ११ डिसेंबर २००६. दुपारी १ वाजून १० मिनिटे.