शेजारची खुर्ची

आई गेली, त्याच्या आधीच्या रविवारी मी संभाजीनगरहून कन्नडला गेले नाही. वाळूजच्या प्रयोगशाळेत नमुने तपासायचे आहेत, असं कळवलं. नमुने शनिवारीच संपले होते.

त्या दिवशी धाकट्या भावानं, गोकुळनं, आईचा फोटो पाठवला. ओसरीत बसलेली आई, शेजारी प्लास्टिकची रिकामी खुर्ची, नजर दाराकडे. ती गेल्यावर मी तो सोशल मीडियावर टाकला आणि वर लिहिलं, ‘आईसोबतचा शेवटचा रविवार’. दोनशे जणांनी हात जोडले.

दरवर्षी त्याच तारखेला मोबाइल तो फोटो आठवण म्हणून समोर आणतो. पहिल्या वर्षी खुर्चीवर माझी ओढणी होती. दुसऱ्या वर्षी खुर्चीत मी होते, चेहरा अस्पष्ट.

आज तिसरं वर्ष. श्राद्धाचं जेवण झाल्यावर मी गोकुळला त्याच्या मोबाइलमधला मूळ फोटो काढायला सांगितला.

त्यातही मी होते. चेहरा स्पष्ट, आईचा हात माझ्या हातात.

“गोकुळ, मी आले होते का रे त्या दिवशी?”

“असं काय करायलीस ताई? पिठलं तूच केलं व्हतं की. लई दिवसांनी पोटभर जेवली आई.”

आणि मला लसणाच्या फोडणीचा वास आठवला. आईच्या तळव्याचा खरखरीतपणाही आठवला. त्या रविवारी संभाजीनगरला घरी बसून मी काय केलं, ते मात्र आठवेना.

मी फोटो मोठा करून पाहिला. मी अगदी तिला खेटून बसले होते.

आई अजून दाराकडेच बघत होती.