वजनाचं तिकीट

कंपनीच्या दवाखान्यातल्या काट्यावर रंगराव उभा राहिला आणि काटा शेहेचाळीसवर थांबला.

"अर्धा झालास की, रंगराव," डॉक्टर म्हणाले. "डबा कोण करतं?"

"आता माझा मीच करतो."

"किती घटलं ते कळायला पाहिजे. आधी कधी वजन केलं होतंस?"

रंगरावनं खिशातून गेटपासचं प्लॅस्टिकचं पाकीट काढलं आणि पासामागे जपून ठेवलेलं पुठ्ठ्याचं छोटं तिकीट टेबलावर ठेवलं. चिंचवड स्टेशनवरच्या, नाणं टाकायच्या मशीनमधलं. दोन वर्षांत त्याचे कोपरे झिजून गोल झाले होते, पण आकडा अजून वाचता येत होता. त्र्याण्णव किलो.

डॉक्टरांना हसू आवरेना. "त्र्याण्णव? तू? अरे, त्या मशीनवर काय विश्वास ठेवतोस! फेकून दे ते."

रंगरावनं तिकीट उचललं, होतं तिथंच परत सरकवलं, आणि खाली बसून बूट चढवायला लागला.



"मशीन बरोबर हाय, साहेब. तवा एकाच नाण्यात कारभारीण बी संगं उभी हुती."