मुकी केलेली नळी

लेप्टोच्या तापात विश्रामच्या किडन्या बसल्या, तेव्हा डॉक्टरांनी त्याच्या मानेत डायलिसिसची बोलकी नळी घातली. "रक्त अडतंय, सिस्टरना बोलवा," ती सारखी सांगायची. सिस्टर दोनदा येऊन नळी साफ करून गेल्या. नळी तिसऱ्यांदा बोलू लागली, तेव्हा नवऱ्याचा नुकताच डोळा लागलेला पाहून सुलभानं तिचा आवाजच बंद केला.

थोड्याच वेळात नळीत गुठळी धरली, मशीन थांबलं, विश्रामला धाप लागली. सुलभानं धावत जाऊन सिस्टरना आणलं. मांडीत दुसरी नळी घातली तेव्हा कुठे तो सावरला.

"ऐन वेळी मुकी झाली बघ," तो पुटपुटला. "तू होतीस म्हणून वाचलो."

सुलभाला राहवेना. "अहो, आवाज मीच बंद केला होता."

त्यानं विचारलं, "मला झोप मिळावी म्हणून ना?"

तो रागावला असता, तर तिला हलकं तरी वाटलं असतं.