दुसरी प्रत

परगावी निघालेल्यानं नानचा एक चावा घ्यायचा आणि तो परतेपर्यंत ती नान भिंतीवर टांगून ठेवायची, ही आमच्या उझबेकिस्तानातल्या मार्गिलानची रीत. नऊ वर्षांपूर्वी इल्होमदादा रशियाला कामाला गेला, तेव्हा त्याचं लग्नही झालं नव्हतं. त्यानं आईची अंगाईगीतं घरीच रेकॉर्ड करून एकसारख्या दोन सीडी केल्या होत्या. एक बरोबर नेली. वर्षभरात त्याचे फोन थांबले, आणि आईचं गाणंही.

आज बाबा म्हणाले, "पुरे झालं. मेलेल्याची वाट बघायची नसते. ती नान चिमण्यांना घाल." आईनं ती काढून मांडीवर ठेवली. मी पायानं पाळणा हलवत घरातली सीडी कॉम्प्युटरमध्ये घातली. गाणी फोनवर घेतली, की निदान माझ्या बाळाला आजीचा आवाज ऐकू येईल.

"गाण्यांची नावं शोधतोय बघ," मी म्हणाले.

"त्या डब्याला गं काय कळतंय माझं गाणं!"

"त्याला कुठलं कळायला, आई. हीच सीडी आधी कुणी कॉम्प्युटरवर उतरवून गाण्यांची नावं इंटरनेटवर भरली असतील, तर तीच तो दाखवतो. आपल्या घरच्या सीडीला कोण नावं देणार?"

तेवढ्यात नावं आली. आईनं तिसरी ओळ दोनदा वाचली, उठली आणि नान पुन्हा खिळ्याला अडकवली.



पडद्यावर होतं, "माझ्या आईची अंगाई. हिच्याशिवाय माझी लेक झोपत नाही."